सर्वश्रेष्ठ संगीतकार नाटकात शोधा: नाट्यसंगीत महोत्सवांच्या संयोजकांना खुले पत्र

नाट्यसंगीताचे महोत्सव भरवणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी, स्पर्धांचे परीक्षक आणि निवेदक यांना,

सप्रेम नमस्कार.

मराठी संगीत रंगभूमीचा सर्वश्रेष्ठ संगीतकार कोण, हा वाद तुमच्या व्यासपीठांवर वारंवार रंगतो. कोणी भास्करबुवा बखल्यांचं नाव घेतं, कोणी गोविंदराव टेंब्यांचं, कोणी मास्टर कृष्णरावांचं. ज्यांनी साठच्या दशकात नाटकं पाहिली, ते पंडित जितेंद्र अभिषेकींशिवाय दुसरं नाव ऐकूनच घेत नाहीत. हा वाद व्हायलाच हवा. आपल्याकडे गायकांवर पुस्तकं निघतात, नटांची चरित्रं निघतात, नाटककारांची स्मारकं होतात, पण चाल बांधणाऱ्या माणसाची आठवण अशा वादातच निघते. म्हणून माझी तक्रार वादाबद्दल नाही. त्यात पुरावा म्हणून जे पुढे केलं जातं, त्याबद्दल आहे.

पुरावा म्हणून तुम्ही आम्हाला मैफल ऐकवता. एखादं पद घेतलं जातं, त्याचा मुखडा चार-पाच वेळा फिरवला जातो, मग आलापी, मग ताना, मग तबल्याची लग्गी, आणि टाळ्या. गाणारी मंडळी तयारीची असतात, मीही मनापासून टाळ्या वाजवते. पण त्या दहा-बारा मिनिटांत कळतं ते गायकाचं सामर्थ्य आणि रागाचं सौंदर्य. ते पद नाटकात कोण म्हणतं, कोणाला म्हणतं, त्याआधी काय घडलेलं असतं आणि ते संपल्यावर गोष्ट कुठे पोचलेली असते, यातलं काहीच कळत नाही. नाटकाच्या संगीतकाराचं काम तर तिथेच असतं. त्याला तोलायचं असेल तर त्याची चाल नाटकात परत नेऊन ऐकली पाहिजे. माझं एवढंच म्हणणं आहे, आणि ते मान्य केलं तर वादातली बरीच नावं वरखाली होतात.

सुरुवात अण्णासाहेब किर्लोस्करांपासूनच करावी लागते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि १८८२ साली ‘सौभद्र’ आलं. संगीतकारांच्या यादीत अण्णासाहेबांचं नाव क्वचितच येतं, कारण त्यांनी चाली ‘केल्या’ नाहीत, कीर्तनातल्या, लावणीतल्या, कर्नाटकी वळणाच्या आणि साकी-दिंडी या जुन्या छंदांच्या तयार चाली उचलल्या, असं सांगितलं जातं. उचलल्या हे खरं. पण कोणती चाल कोणाच्या तोंडी घालायची, हा निर्णय कोणाचा होता? नारद ‘राधाधर मधुमिलिंद’ म्हणत येतो तेव्हा त्याच्या चालीत कीर्तनकाराची ऐट असते. सुभद्रा ‘वद जाऊं कुणाला शरण’ म्हणते तेव्हा सगळं घर आपल्या विरुद्ध गेल्याची जाणीव त्या चालीत येते. रुसलेल्या रुक्मिणीची समजूत घालणारा कृष्ण ‘नच सुंदरि करूं कोपा’ म्हणतो, ते तर सरळ बोलणंच आहे, फक्त सुरात. एका घरातल्या भांडणात पाच-सहा माणसं आपापल्या स्वभावाने गातात, हे मराठी रंगभूमीवर अण्णासाहेबांनी साधलं. निवड हीसुद्धा रचनाच आहे. ती नाकारली तर पुढे टेंबे आणि बखले यांनाही नाकारावं लागेल, कारण त्यांच्याही पुष्कळ पदांच्या मागे ठुमऱ्या आणि बंदिशी उभ्या आहेत.

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’बद्दल थोडंच, पण आग्रहाने सांगते. १८९९ सालचं हे नाटक, विषय बाला-जरठ विवाहाचा, म्हणजे कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावण्याचा. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ हे पद आपण लहानपणापासून थट्टेचं गाणं म्हणून ऐकतो. त्याच नाटकात शारदा ‘मूर्तिमंत भीति उभी मजसमोर राहिली’ म्हणते. ही दोन पदं एकामागोमाग एक ऐकली, की पहिल्यातली थट्टा कोणाच्या जिवावर चालली होती ते अंगावर येतं. ‘शारदे’च्या चाली साध्या आहेत. मैफलीत त्यांना विस्ताराला जागा नाही, म्हणून त्या मागे पडल्या. नाटकाला विस्तार नकोच होता. त्या मुलीची घुसमट पोचायला हवी होती, आणि ती पोचते.

आता गोविंदराव टेंबे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने मुंबईत रंगमंचावर आणलं आणि सबंध नाटकाच्या चाली टेंब्यांनी दिल्या. ते हार्मोनियमवादक होते, भास्करबुवांच्या साथीला बसलेले, कोल्हापूरच्या संगीतमय वातावरणात वाढलेले. त्यांनी पूरब अंगाची ठुमरी, दादरा, कजरी असा भावप्रधान उपशास्त्रीय माल मराठी नाटकात आणला, हे सगळेच सांगतात. तो त्यांनी इथे का आणला असेल, हे मात्र कोणी सांगत नाही. ‘मानापमान’ची नायिका भामिनी ही श्रीमंत बापाची मानी मुलगी. धैर्यधर या गरीब सेनापतीशी ठरवलेलं लग्न ती झिडकारते आणि नंतर वनमाला बनून त्याच्याच छावणीत जाते. रुसवा, आढ्यता, लपवलेली ओढ, खोटा नकार हे तिचे सगळे भाव ठुमरीतल्या नायिकेचे आहेत. ‘नाही मी बोलत नाथा’ हे वाक्यच ठुमरीचं आहे. बोलत नाही असं सांगत बोलणारी ती बाई, आणि तिच्यासाठी टेंब्यांनी निवडलेला बाज, यांत फट कुठेच राहत नाही. एका पात्राच्या स्वभावावरून सबंध नाटकाच्या संगीताचा पोत ठरवणारा पहिला माणूस म्हणून मी टेंब्यांकडे पाहते.

इथे निवेदकांना एक विनंती आहे. ‘मानापमान’ पुढे बळवंत संगीत मंडळीतही गाजलं आणि मास्टर दीनानाथांनी धैर्यधराची काही पदं स्वतःच्या ढंगाने, वेगळ्या चालींत गायली. ‘प्रेमसेवा शरण’ हे त्यातलं ठळक उदाहरण. आज गायक दीनानाथांची चाल गातात आणि निवेदनात टेंब्यांचं नाव येतं. यात दोघांवरही अन्याय होतो. दीनानाथांचा धैर्यधर आक्रमक आहे, त्याचा सूर तलवारीच्या पात्यासारखा वर चढतो. टेंब्यांचा धैर्यधर प्रेमात पडलेला, ऋजू माणूस आहे. टेंब्यांनी ही भूमिका स्वतः रंगमंचावर केलेली होती, त्यामुळे आपल्या चालीतला धैर्यधर कसा माणूस आहे हे त्यांना आतून ठाऊक होतं. एकाच नाटकातल्या एकाच पात्राचे हे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही चाली शेजारी शेजारी ठेवून ऐकवल्या तर श्रोत्यांना संगीतकार काय करतो हे एका संध्याकाळी कळेल.

भास्करबुवा बखल्यांबद्दल लिहिताना हात जपून चालतो. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांकडून विद्या घेतलेला हा गवई. पुण्याच्या भारत गायन समाजाचा पाया त्यांनी घातला, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. पण लहानपणी भास्करबुवा स्वतः किर्लोस्कर मंडळीत होते आणि ‘रामराज्यवियोगा’त त्यांनी कैकेयीची भूमिका केली होती, हा तपशील मला इतर सगळ्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. रंगमंचावर उभं राहून, प्रेक्षकांकडे तोंड करून गाण्याचा अनुभव त्यांना होता.

१० डिसेंबर १९१६ रोजी गंधर्व नाटक मंडळीने ‘स्वयंवर’ आणलं. ‘नाथ हा माझा’, ‘मम आत्मा गमला’, ‘स्वकुलतारकसुता’, ‘सुजन कसा मन चोरी’, ‘एकला नयनाला’ ही सगळी एकाच नाटकातली पदं आहेत, हे नव्या श्रोत्याला सांगितलं तर त्याचा विश्वास बसत नाही. यमन, बिहाग, भीमपलास, भूप असे ख्यालाचे, म्हणजे राग सावकाश विस्ताराने मांडणाऱ्या मैफली गायकीचे, राग घरोघरी पोचले ते या नाटकामुळे. तरीही प्रश्न तोच. नाटकात हे संगीत काय करतं?

माझं उत्तर असं. ‘स्वयंवर’ म्हणजे रुक्मिणीची गोष्ट, आणि ती प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक आहे. कृष्ण येणार, तिला घेऊन जाणार, शिशुपाल आणि रुक्मी हात चोळत बसणार. पुढे काय होणार ही उत्सुकता इथे नाहीच. इथे आहे ती एका मुलीची एकाच माणसावर जडलेली वृत्ती, आणि तिचं वाट पाहणं. ख्यालाला हवा असतो तसाच हा अवकाश आहे. एकच भाव पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बाजूंनी न्याहाळायचा. भास्करबुवांनी बंदिशीचा मुखडा असा बसवला की तो रुक्मिणीच्या तोंडचं वाक्य झाला. ‘सुजन कसा मन चोरी’ हा प्रश्नही आहे आणि कबुलीही, आणि भूपाच्या त्या सरळ स्वरांत दोन्ही मावतात. या नाटकात ख्याल येणं अगदी योग्य होतं.

पण नंतर जे झालं त्याची जबाबदारी कोणी तरी मांडायला हवी. ‘स्वयंवर’च्या यशाने प्रत्येक नाटकाला ख्याल हवासा झाला. तिरखवाँ साहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी, ऑर्गन आणि बालगंधर्वांचा गळा असा थाट जमल्यावर ‘वन्स मोअर’ना तोटा नव्हता. पदं लांबली, प्रयोग पहाटेपर्यंत चालू लागले, आणि नाटक दोन पदांच्या मधली जागा भरून काढण्यापुरतं उरलं. भास्करबुवांनी हे मागितलं होतं असं मी म्हणत नाही. ते १९२२ साली गेले. पण त्यांच्या संगीताची ताकद इतकी होती की तिच्यापुढे नाटक वाकलं, आणि पुढे कित्येक वर्षं सरळ झालं नाही. सर्वश्रेष्ठ संगीतज्ञ कोण असं विचाराल तर या यादीत भास्करबुवांच्या वर मी कोणाचंही नाव घेणार नाही. सर्वश्रेष्ठ नाट्यसंगीतकार कोण, हा प्रश्न वेगळा आहे.

‘एकच प्याला’बद्दल तर मला तुमच्याकडे मागणीच करायची आहे. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीने हे नाटक बडोद्याला रंगमंचावर आणलं. पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली. ‘कशी या त्यजू पदाला’सारख्या पदांच्या चाली बालगंधर्वांना मिळाल्या त्या सुंदराबाई जाधवांकडून. ठुमरी, दादरा, गझल, लावणी या सगळ्यांत तरबेज असलेली ही गायिका. तिच्या कोठारातल्या चाली सिंधूच्या तोंडी गेल्या, आणि दारुड्या नवऱ्याला सोडून यायला तयार नसलेल्या सिंधूचा हट्ट आणि हताशपणा त्या चालींनी तोलून धरला. सर्वश्रेष्ठ संगीतकारांच्या परिसंवादात सुंदराबाईंचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. निवेदनात ‘पारंपरिक चाल’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्या परंपरेला नाव आहे, गाव आहे, आणि ती एक बाई आहे. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेवर ते नाव छापलं जावं, अशी माझी मागणी आहे.

याच नाटकात ‘घास घे रे तान्ह्या बाळा’ आहे, ‘चंद्र चवथिचा’ आहे. ही पदं कोणी मैफलीत गात नाही. गाणार तरी काय, त्यांत ताना नाहीत, मुखड्यावर समेला येण्याची गंमत नाही. पण घरात अन्नाची वानवा झालेली असताना आई मुलाला घास भरवते, आणि त्या वेळी ती ओव्यांच्या वळणाचं असं साधं गाणं म्हणते, हे रंगमंचावर पाहिल्यावर ‘कशी या त्यजू’पेक्षा हेच पद मनात जास्त रुतून बसतं. तुमच्या निकषावर या चालीला शून्य गुण मिळतात. माझ्या निकषावर ती पहिल्या पाचांत आहे.

रामकृष्णबुवा वझ्यांचा उल्लेख ‘रणदुंदुभी’ (१९२७) आणि ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) या दोन नाटकांपुरता. ‘परवशता पाश दैवे’ ऐकताना पारतंत्र्यातल्या प्रेक्षकाला काय वाटलं असेल, ते सांगायला इतिहासाच्या पुस्तकाची गरज पडत नाही. चालच ते सांगते. वझेबुवांचं संगीत राकट, पेचदार आहे आणि दीनानाथांच्या गळ्यावर बेतलेलं आहे. आज ते मऊ करून गायलं जातं, हे मला खटकतं.

मग बोलपट आले. टेंबे, मास्टर कृष्णराव आणि केशवराव भोळे, तिघांनीही प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांना संगीत दिलं. नाटक कंपन्या कर्जात बुडाल्या. या काळात १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केलं आणि केशवराव भोळ्यांनी त्यात एक गोष्ट करून दाखवली, जिचं मोल अजून आपल्याला कळलेलं नाही. त्यांनी पदं कमी केली. मोजकीच गाणी, तीही नायिकेच्या तोंडी स्वाभाविक वाटतील अशी, आणि गाणारी नायिका म्हणजे ज्योत्स्नाबाई भोळे. बाईची भूमिका बाईने करायची आणि ती गाते ते घरातल्या सुशिक्षित मुलीने गावं तसं. ‘मनमोहना’ आणि ‘एकलेपणाची आग लागली हृदया’ ऐकून पाहा. गद्य संवादातून गाण्यात जाताना धक्का बसत नाही. संगीत किती असावं आणि कुठे नसावं, हे ठरवणं संगीतकाराचंच काम आहे, आणि ते आपल्याकडे पहिल्यांदा इतक्या विचाराने केलं ते भोळ्यांनी. तरीही त्यांना या वादात कोणी उभं करत नाही, कारण त्यांच्या पदांवर मैफल रंगत नाही.

मास्टर कृष्णरावांना दोन्ही जगं साधली. गंधर्व मंडळीत ‘कान्होपात्रा’सारख्या नाटकाला त्यांनी अभंगांच्या चाली दिल्या. नंतर १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त ‘बोला अमृत बोला’ आणि ‘क्षण आला भाग्याचा’ दिली. दिवाणखान्यात घडणाऱ्या नाटकात भैरवी किती आटोपशीर असू शकते, ते या पहिल्या पदावरून कळतं.

आणि आता अभिषेकी. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

१९६४ ते १९६७ या चार वर्षांत त्यांनी ‘मत्स्यगंधा’, ‘ययाति आणि देवयानी’, ‘लेकुरे उदंड जाहली’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ या चार नाटकांना संगीत दिलं. ही चारही नाटकं त्यांच्या निव्वळ गाण्यांसाठी आठवली जातात आणि तिथेच घोळ होतो. ती एकमेकांशेजारी ठेवा. चार नाटकांना चार वेगळी संगीतं आहेत. एकाची चाल दुसऱ्यात नेऊन ठेवता येत नाही.

वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधे’त पराशराची ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’, ‘नको विसरू संकेत मीलनाचा’ ही पदं रामदास कामतांच्या पल्लेदार गळ्यासाठी आहेत. तो ऋषी आहे, त्याला आपल्या शब्दावर आणि सुरावर पूर्ण विश्वास आहे. उलट सत्यवतीची भूमिका आशालता वाबगावकरांची. त्यांच्या ‘अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा’ या पदात तानांची आतषबाजी नाही. ओळ येते, थांबते, पुन्हा येते. फसवली गेलेली बाई थकून बोलते तसं ते आहे. अभिषेकींना अवघड चाल करता येत नव्हती म्हणून हे असं झालेलं नाही. त्या बाईला, त्या क्षणी, त्या नटीच्या गळ्यातून काय म्हणता येईल याचा विचार त्यांनी केला. बालकवींची ‘गर्द सभोवती रान साजणी’ ही कविता नाटकात घेतली, तर तिचं कवितापण न मोडता घेतली.

शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’त कचाचं ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’ प्रार्थनेच्या पातळीवर राहतं आणि ‘यतिमन मम मानित या’ राजवाड्यातल्या वासनेच्या. दोन्ही एकाच संगीतकाराची आहेत हे मुद्दाम सांगावं लागतं.

मग ‘लेकुरे उदंड जाहली’. तुमच्या महोत्सवांत हे नाटक जवळपास येतच नाही. मूल नसलेल्या जोडप्याचं खेळकर नाटक, मध्यमवर्गीय घर, श्रीकांत मोघे आणि दया डोंगरे यांच्यासारखे नट. अभिषेकींनी इथे संवाद कुठे संपतो आणि गाणं कुठे सुरू होतं ती रेघच पुसून टाकली. बोलता बोलता लय येते, लयीत यमक येतं, आणि ‘या गोजिरवाण्या घरात’ कधी सुरू झालं ते कळत नाही. ज्या गवयाने जगन्नाथबुवा पुरोहितांकडे तालीम घेतली, त्याने आपलं सगळं गवईपण बाजूला ठेवून नटांसाठी चाली केल्या. हे धाडस भास्करबुवांच्या वाट्याला आलं नाही. टेंब्यांच्या काळात तशी नाटकंच नव्हती.

आणि पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९६७ रोजी, पुरुषोत्तम दारव्हेकरांची ‘कट्यार’. गवईपणाची जागा असेल तर ती इथे, कारण नाटकच दोन गायकींच्या वैराचं. खाँसाहेब जेव्हा पंडितजींच्या हवेलीत पाऊल टाकतात आणि ‘या भवनातील गीत पुराणे’ म्हणतात, तेव्हा ते घर ताब्यात घेत असतात. ‘मवाळ हळवे सूर जाऊ द्या’ हा हुकूम आहे. वसंतराव देशपांड्यांची आक्रमक गायकी इथे कथानकाचा भाग होते. ‘घेई छंद मकरंद’ पंडितजींच्या तऱ्हेनेही येतं आणि खाँसाहेबांच्या तऱ्हेनेही. शब्द तेच, कवी तोच, आणि ऐकणाऱ्याला दोन माणसं, दोन घराणी, दोन जगण्याच्या रीती दिसतात. ‘स्वयंवरा’नंतर अर्ध्या शतकाने तान पुन्हा नाटकाच्या कामी आली. मैफलीत या पदाची एकच तऱ्हा गायली जाते, आणि संगीतकाराने केलेली सगळी करामत तिथेच नाहीशी होते.

म्हणून माझं मत अभिषेकींच्या पारड्यात. नाटक बदललं की ते बदलले, आणि प्रत्येक वेळी नाटक त्यांच्यामुळे मोठं झालं.

हा निकष मी नुसता आपल्यापुरता लावत नाही. ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, संगीतकारांबद्दलही असाच वाद अनेक वर्षं चालला आहे. एका बाजूला रिचर्ड रॉजर्स, ज्यांच्या चाली ‘ओक्लाहोमा!’पासून (१९४३) लोकांच्या ओठांवर बसल्या. दुसऱ्या बाजूला स्टीफन सॉन्डहाइम, ज्यांच्यावर चाली गुणगुणता येत नाहीत असा आक्षेप सतत घेतला गेला. त्यांचं सगळ्यांत लोकप्रिय झालेलं ‘सेंड इन द क्लाउन्स’ हे गाणं १९७३ सालच्या ‘अ लिटल नाइट म्युझिक’मधलं. ग्लिनिस जॉन्स या नटीला लांब स्वर धरून ठेवता येत नसे, म्हणून सॉन्डहाइमनी तोकड्या तोकड्या ओळींचं गाणं केलं. नटीची मर्यादा त्या पात्राच्या दुखावलेपणाची खूण झाली. आशालताबाईंसाठी केलेली ‘अर्थशून्य भासे’ची चाल ऐकताना मला नेहमी हे आठवतं. दोघं एकमेकांना ओळखत असण्याचं कारण नाही. नाटकाचा विचार करणारा संगीतकार कुठेही असला तरी अशाच वाटेने जातो.

आणखी एक नाव, ज्यावरून तुमच्यापैकी काहींचा माझ्यावर राग होईल. भास्कर चंदावरकर. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ‘घाशीराम कोतवाल’ केलं. ‘श्रीगणराय नर्तन करी’ म्हणत ब्राह्मणांची रांग उभी राहते. ती रांगच पडदा, रांगच भिंत, रांगच गर्दी. भजन चालू असतं आणि त्याच्या आड पाप चालू असतं. कीर्तन, लावणी, नामस्मरण हे सगळं आपल्या ओळखीचं, आणि चंदावरकरांनी ते अशा जागी ठेवलं की ओळखीचा सूरच भीतिदायक वाटावा. या नाटकातून संगीत काढलं तर नाटक उरत नाही, हे विजय तेंडुलकरांच्या चाहत्यांनाही मान्य होईल. १९७४ साली सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाणा’त आनंद मोडकांनी मेलेल्या माणसाच्या तोंडी कीर्तन घातलं, तेही याच जातीचं काम. ‘घाशीराम’ आणि ‘महानिर्वाण’ संगीत नाटकं नाहीत, असं मला एका परिसंवादात सुनावण्यात आलं होतं. अण्णासाहेबांनी कीर्तन आणि लावणी रंगमंचावर आणली ती संगीत नाटकं, आणि चंदावरकर-मोडकांनी तेच केलं तर ती नव्हेत, यामागचं कारण मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

तेव्हा तुमच्याकडे मागणं आहे ते असं. निवेदनात रागाचं नाव सांगता तसं पात्राचं नाव आणि प्रसंगही सांगा. त्याला अर्धा मिनिट पुरतं. ज्याची चाल गायली जाते आहे त्याचंच नाव घ्या, आणि चाली दोन असतील तर दोन्ही सांगा. तीन दिवसांच्या महोत्सवात एक संध्याकाळ तरी सुटी पदं न ठेवता सबंध अंक ठेवा, मागचे-पुढचे संवाद, हालचाली आणि वेशभूषेसकट. ‘सौभद्र’, ‘स्वयंवर’ होतातच, त्यांच्या शेजारी ‘आंधळ्यांची शाळा’ आणि ‘लेकुरे’ येऊ द्या. स्पर्धेच्या परीक्षकांनी गायनाचे गुण देताना पद किती वेळ रंगलं हे पाहू नये, त्या पदाने प्रसंग कुठून कुठे नेला हे पाहावं. तरुण संगीतकार नव्या संगीत नाटकाला चाली द्यायला बसेल तेव्हा तुमच्या गुणपत्रिकेकडे पाहूनच तो ठरवणार आहे की त्याने कोणासाठी लिहायचं, गळ्यासाठी की पात्रासाठी.

आणि पुढच्या परिसंवादात हा वाद पुन्हा निघेलच, निघायलाही हवा. भास्करबुवांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ‘स्वयंवरा’चा पहिला अंक रंगमंचावर उभा करून दाखवावा, टेंब्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी भामिनीचा रुसवा. मी ‘कट्यार’मधला हवेलीत शिरण्याचा प्रवेश घेऊन येईन. त्यानंतर माझं मत चुकीचं ठरलं तर मी ते त्याच व्यासपीठावर बदलेन.

आपली,
संगीत नाटकांची एक प्रेक्षक